घोडीला फिरवू नका

प्रश्न : आमच्याकडे वरातीची आठ वर्षांची घोडी आहे, वजन अंदाजे ३०० किलो. लग्नसराईत दमते म्हणून तिला रोज भिजवलेले चणे आणि गूळ देत होतो. चार दिवसांपूर्वी रात्री दावे सुटले आणि तिने नव्या गव्हाचे पोते फोडून पोटभर खाल्ले. परवापासून ती पुढचे पाय समोर टाकून, अंग मागे रेलून उभी राहते. वळायला तयार नसते. पाय आखडले असतील, फिरवल्यास मोकळे होतील, असे शेजारी म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्याला दूरध्वनीवर लगेच सांगितलेच आहे, इतर घोडेवाल्यांसाठी सविस्तर लिहितो. शेजाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी घोडीला मुळीच फिरवू नये. ही लक्षणे लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतील दाहाची आहेत. एकाच वेळी फार धान्य पोटात गेले की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबतो, तेथील उपयोगी जिवाणू मरतात आणि विषारी द्रव्ये रक्तात उतरतात. त्यामुळे खुरातील हाडाला बाहेरच्या भिंतीशी धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे सुजून सुटू लागतात. अशा पायावर टाकलेले प्रत्येक पाऊल ते आणखी फाडते, आणि हाड एकदा फिरले किंवा खाली सरकले की घोडी कायमची अधू होऊ शकते.

खुरावर तळहात ठेवून पाहा, ते गरम लागते. घोट्याच्या मागे बाजूला बोट टेकवल्यास एरवी जेमतेम लागणारी नाडी ठणठण उडताना जाणवते. हे दिसताच पशुवैद्यकाला गोठ्यावरच बोलवावे, घोडीला दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नये. तोवर दाणा, चणे, गूळ, ढेप सर्व बंद करून पाणी व वाळलेले गवत समोर ठेवावे, पायाखाली वाळूचा जाड थर द्यावा आणि पुढचे पाय घोट्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात सतत ठेवावेत. वेदनाशामक औषध मनाने देऊ नये. नालबंदाने खूर कापण्याआधी क्ष-किरण चित्र काढलेले बरे. ती सोय जवळ नसल्यास नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावे.

बरी झाल्यावरही दिवसाला साडेचार ते सहा किलो सुका चारा हाच मुख्य आहार असावा. दाणा द्यायचाच झाल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, एका वेळी अर्ध्या किलोच्या आत द्यावा. या हंगामातील राहिलेल्या वरातींची सुपारी परत करावी, कारण खुराचा पुढचा भाग वरून खालपर्यंत नव्याने वाढायला नऊ ते बारा महिने लागतात.