लेथ घरी आणलास, पण आठ दिवस पाना हातात घेऊ नकोस

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

लेथचे फोटो पोचले. साडेचार फुटी बेड, पट्ट्याची कोन पुली, मागे बॅक गिअर, आणि सगळ्यावर काळ्या तेलाचा बोटभर थर. भंगाराच्या भावात मिळाला म्हणून तू खूश आहेस, आणि खरं सांगतो, फोटो बघून माझेही हात शिवशिवले. इचलकरंजीहून आलाय म्हणतोस, म्हणजे मागाचे सुटे भाग करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं असणार. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली त्या गावात पहिला यंत्रमाग बसवला. पुढं माग वाढले, तशी त्यांचे शाफ्ट आणि बुश काढणारी वर्कशॉपंही वाढली. आखूड जॉब काढत राहिलेला लेथ कुठं झिजतो ते फोटो न बघताही सांगता येतं. चकापासून, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीपासून, वीतभर अंतरात. टूल वाहून नेणारं कॅरेज दिवसभर तेवढ्यातच मागं-पुढं होत असतं.

तू लिहिलंस की रविवारी सगळा खोलतो, घासतो आणि रंग मारतो. ते करू नकोस. तुझा उत्साह मोडायला सांगत नाही. जुनं मशिन खोललं की त्याची साक्ष पुसली जाते, म्हणून सांगतो. एखाद्या बोल्टाखालून पातळ पत्रीचा तुकडा निघेल आणि तू तो कचरा समजून झाडून टाकशील. ती पत्री कुणीतरी दिवसभर डोकं घालून तिथं बसवलेली असते. एकदा काढली की ती कुठली, कुठल्या बाजूची, का घातली होती, हे सांगायला कुणी येत नाही.

म्हणून पहिले आठ दिवस फक्त रॉकेल, ब्रश आणि चिंध्या. तेलाची भोकं मोकळी कर, वंगण घाल, पट्टा उतरवून चक हातानं फिरव आणि कान दे. बेडवर ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर चुकूनही लावू नकोस. गंज रॉकेलनं भिजवून लाकडी पट्टीनं खरवड.

मग लेव्हल. तुझा कोबा सपाट दिसतो, पण असणार नाही. चार पाय चार उंचीवर घट्ट केले की बिडाचा बेडसुद्धा पिळतो आणि लेथ टेपर काढायला लागतो, म्हणजे जॉब एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक निघतो. लेव्हल झाल्यावर तीस मिलिमीटरचा बार चकात धर, दीडशे मिलिमीटर बाहेर राहू दे, चकासमोरच्या टेलस्टॉकचा आधार देऊ नकोस. दोन टोकांना दोन कॉलर ठेवून मधला भाग थोडा खाली उतरव. मग धारदार टूलनं, क्रॉस स्लाइडला, म्हणजे टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाला, हात न लावता, दोन्ही कॉलरवरून एकच हलका कट घे आणि मायक्रोमीटरनं माप. फरक आला तर आधी टेलस्टॉककडच्या पायाखाली पत्री घालून-काढून बघ. पुष्कळ लोक हे न करता थेट बेड ग्राइंडिंगला पाठवतात आणि पैसे घालवून बसतात.

आता आटे. आपल्याकडं दशमान मापांचा कायदा १९५६ चा. कायदा झाला म्हणून मशिनं एका दिवसात बदलली नाहीत, त्यामुळं जुन्या लेथवर इंची आटेच भेटतात, आणि तेही बहुधा व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थला इंचात १२ आटे, अमेरिकन यूएनसीला १३. दिसायला सारखेच. नट दोन फेरे हातानं जातो, मग अडतो, आणि अडला की पाना लावावासा वाटतो. तिथं थांब. थ्रेड गेज लाव. व्हिटवर्थचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिक आणि यूएनसीचा ६०, त्यामुळं गेजचं पातं उजेडासमोर धरलं की फट लगेच दिसते. आटे काढताना कॅरेज ओढणारा लीड स्क्रू इंची निघाला तर आट्यांचं माप बदलणाऱ्या चेंज गिअरांच्या ढिगात १२७ दात्यांचं गिअर शोध. २५.४ ची पाचपट १२७, म्हणून त्या एका गिअरानं इंची लेथवर अचूक मेट्रिक आटे निघतात. सापडलं तर जिवापाड जप.

फोटोत कॅरेजच्या ब्रॅकेटला एक तडा दिसतोय. तो तू वेल्डिंगनं भरणार, म्हणून ही गोष्ट सांगतो. मी बावीस वर्षांचा होतो. एका गुऱ्हाळाच्या चरकाचं बिडाचं ब्रॅकेट माझ्याकडं आलं. नेहमीच्या रॉडनं वेल्ड भरला, ग्राइंडर मारला, वर रंग दिला. सांध्याचा मागमूस राहिला नाही. मालक चहा घेत बसले होते आणि मी पैसे मोजत होतो, तेवढ्यात टेबलावरून आवाज आला, टण्ण. वेल्डच्या कडेनं, अगदी जवळून, केसासारखी नवी रेघ. तिकडं तोडलेला ऊस फडात पडून होता. गुऱ्हाळ तीन दिवस बंद राहिलं. मालक मला एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणं अजून आठवतं.

बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो. साध्या रॉडनं वेल्ड केलं की कडेचा पट्टा काचेसारखा कडक होतो, आणि थंड होताना वेल्ड आकसला की तोच तडकतो. म्हणून आधी तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरची भोकं पाड, म्हणजे तडा पुढं सरकत नाही. तडा व्ही आकारात काप, तेल पूर्ण जाळून घालव. मग निकेल रॉडनं इंच-इंचभरच भर, गरम असतानाच हलक्या हातोडीनं ठोक, आणि हात लावता येईल इतकं निवल्याशिवाय पुढचा इंच घेऊ नकोस. शेवटी कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेव. ब्रॅकेटसारख्या ठिकाणी तर मी पितळी डाकच देईन, म्हणजे ब्रेझिंग. त्यात मूळ बीड वितळत नाही.

मोटर थ्री फेज आहे. जोडणी आणि अर्थिंग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घे.

चालू लेथवर हातमोजे नकोत, बाह्या लांब नकोत, गळ्यात काही नको. चकाची चावी चकात असेल तेवढा वेळ हात चावीवर. हात सुटला की चावी बाहेर, ही सवय पहिल्या दिवसापासून लाव. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप वेल्ड करायचा झाला तर जस्त आधी घासून काढ आणि शेड उघडी ठेव, नाहीतर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या भागावर आर्क मारू नकोस. त्यात क्लोरिनचं द्रावण असलं तर उष्णतेनं फॉस्जिन तयार होतो, आणि तो वायू जिवावर बेततो.

दोन कॉलरची मापं, लीड स्क्रूचे इंचातले आटे आणि तड्याचा जवळून काढलेला फोटो एवढं पाठव. ब्रॅकेट तोवर खोलू नकोस, जागेवरच राहू दे. आईला माझा नमस्कार सांग.

तुझा काका