पावसाळ्यात ब्रॉयलर (मांसासाठीच्या) कोंबड्यांच्या शेडमधलं तूस ओलं होऊन उग्र वास येतो, काय करावं?

आधी पाण्याची गळती थांबवा आणि पडदे वरच्या बाजूने उघडे ठेवून हवा खेळती करा. नुसतं नवीन तूस टाकून वास जाणार नाही. तो अमोनिया आहे. विष्ठेतलं युरिक ॲसिड जिवाणू ओलाव्यात फोडतात, म्हणून तुसाच्या गादीतला (जमिनीवरच्या थरातला) ओलावा २०-२५ टक्क्यांवर राखायचा. मूठभर तूस घट्ट दाबून पाहा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओलं, सैल होऊन फुटला तर ठीक. बेल ड्रिंकरची (घंटेच्या आकाराच्या टांगत्या पाण्याच्या भांड्याची) कड पक्ष्यांच्या पाठीच्या उंचीवर ठेवा, गादी दिवसाआड खाली-वर करा, थर धरलेलं तूस बाहेर काढा. ओल्या गादीवर चुना मात्र मारू नका, त्याने अमोनिया उलट जास्त सुटतो. विष्ठाच पातळ किंवा रक्तमिश्रित असेल तर हे पुरणार नाही. त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा.