बोकडाचा वास धुऊन काढू नका

दादा, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: खच्ची केलेल्या बोकडाला तसा उग्र वास का येत नाही, आणि बाहेरून नवा बोकड आणल्यावर आठवडाभरात तुमच्या चार शेळ्या माजावर कशा आल्या. दोन्हींच्या मुळाशी एकच संप्रेरक (हार्मोन) आहे.

बोकडाच्या डोक्या-मानेच्या कातडीतल्या ग्रंथी टेस्टोस्टेरॉन या नराच्या संप्रेरकावर चालतात. खच्ची केलं की ते आटतं आणि वासही जातो. टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी बोकडांच्या डोक्यावर खास टोप्या चढवून हा वास गोळा केला आणि २०१४ मध्ये त्यातलं ४-एथिलऑक्टॅनल हे द्रव्य ओळखलं. शेळीने ते हुंगलं की तिच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या पेशी जागतात, जीएनआरएच या संप्रेरकाचे ठोके वाढतात, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हे संप्रेरक सोडते आणि बीजांड पिकायला लागतं. म्हणजे बोकडाच्या अंगातल्या संप्रेरकाने बनलेला वास हवेतून जाऊन शेळीची संप्रेरकं हलवतो! मला हे आजही थक्क करतं.

पण हाच वास दुसऱ्या बोकडाला असा चाळवत नाही. कारण नर-मादीच्या मेंदूतल्या या वाटा बऱ्याच अंशी गर्भातच वेगळ्या आखल्या जातात. १९५९ मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या फिनिक्स, गॉय, जेराल आणि यंग यांनी गाभण गिनीपिगांना टेस्टोस्टेरॉन टोचलं. त्या गिनीपिगांच्या पोटी जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर, मादीची संप्रेरकं देऊनही, माजावरच्या मादीसारख्या नीट वागेनात. गर्भातलं संप्रेरक मेंदूची बांधणी करतं, वयात आल्यावरचं त्या बांधणीला चालना देतं. बोकड शेळीचं मूत हुंगून वरचा ओठ मुरडतो तेही याच यंत्रणेतलं: तो वास टाळूजवळच्या वेगळ्या घ्राणेंद्रियापर्यंत ओढून घेतो.

आता गोठ्यातलं. उस्मानाबादी शेळ्या वर्षभर माजावर येतात, त्यामुळे ज्यांचं चक्र चालूच आहे त्यांच्यात मोठा फरक दिसणार नाही. खरा उपयोग चक्र थांबलेल्या शेळ्यांना होतो. त्यासाठी बोकड काही आठवडे दिसणार नाही, वास येणार नाही इतका लांब ठेवा, नाहीतर अनोळखी बोकड आणा. पहिला माज पुष्कळदा कच्चा असतो. पाच-सात दिवसांत शेळी पुन्हा माजावर आली तर ‘उलटली’, म्हणजे गाभण राहिली नाही, म्हणून घाबरू नका, तेव्हा परत बोकड दाखवा. शेळ्या हाडकुळ्या असतील तर मात्र आधी खुराक वाढवा, रिकाम्या अंगावर वासाचं काही चालत नाही. आणि बोकडाला साबणाने घासणं आजपासून बंद.