समुद्र सगळा एकच, मग त्यातला एखादा जीव 'परका' कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. जगभरचं समुद्राचं पाणी एकमेकांना जोडलेलं असताना एखाद्या माशाला किंवा शिंपल्याला परका का म्हणायचं? आणि तो पसरलाच, तर निसर्ग आपला आपण समतोल साधणार नाही का? मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनीअर होतो आणि नंतर बॅलास्टच्या, म्हणजे तोलासाठी जहाजाच्या टाक्यांत भरलेल्या पाण्याचे नमुने तपासायचं काम केलं. हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाणी जोडलेलं आहे हे खरं, पण ते ओलांडायला वेळ लागतो. समुद्रातली खरी भिंत ही वेळेची आहे. खेकडे, शिंपले, बार्नेकल (खडकांना आणि जहाजांना चिकटून राहणारे कवचाचे छोटे जीव) यांची पिल्लं सुरुवातीला पाण्यावर तरंगत वाढतात. या लार्वा अवस्थेची मुदत ठरलेली असते. कुणाची दोन-तीन आठवडे, कुणाची दोन महिने. तेवढ्यात चिकटायला खडक आणि सोसेल इतकं खारं, सोसेल इतकं उबदार पाणी मिळालं नाही, तर ती मरतात. नुसत्या प्रवाहाबरोबर महासागर पार करायला बहुतेकांना ही मुदत पुरत नाही. त्यामुळे लाखो वर्षं प्रत्येक किनाऱ्यावर वेगळी वस्ती घडत गेली आणि कोण कुणाला खातं, कोण कुणापासून कसं लपतं, हे तिथल्या तिथे ठरत गेलं. जहाज हेच अंतर दोन-तीन आठवड्यांत तोडतं. मुदत संपायच्या आत पिल्लू पलीकडे पोचतं, आणि त्याला खाणारे मात्र मागेच राहतात.

हे होतं कसं, तेही सांगतो. माल उतरवला की जहाज हलकं होऊन पाण्याच्या फार वर येतं आणि समुद्रात नीट तोल धरत नाही. म्हणून त्याच बंदरातलं पाणी पंपानं टाक्यांमध्ये भरून घेतात. हेच बॅलास्ट. पुढच्या बंदरात माल चढायला लागला की ते सोडून देतात. मोठ्या जहाजात हे पाणी हजारो टन असतं.

एकदा जहाज ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या दुरुस्तीच्या गोदीत असताना तपासणीसाठी मी अशा टाकीत उतरलो होतो. आधी आतली हवा तपासली, मग मॅनहोलमधून शिडीनं खाली. पाणी काढून टाकलेलं होतं, पण तळाशी पोलादी फ्रेमच्या खाचांमध्ये घोट्यापर्यंत गाळ साचला होता. बॅटरीचा झोत टाकला तर त्या गाळावरून नखाएवढा खेकडा तिरका पळाला. ती टाकी भरून महिना उलटला होता, आणि ज्या किनाऱ्याचं पाणी तीत भरलं होतं तो हजारो किलोमीटर मागे राहिला होता. अंधारात, गंजाच्या वासात तो खेकडा जिवंत होता. तोवर बॅलास्ट म्हणजे माझ्यासाठी फक्त वजन होतं. त्या दिवसानंतर तसं कधी वाटलं नाही.

आता निसर्गाच्या समतोलाबद्दल. काळ्या समुद्राचं उदाहरण घेऊ. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे नेमिऑप्सिस नावाचा जीव सापडला. हा मूळचा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा, बहुधा बॅलास्टच्या पाण्यातून आलेला. दिसायला जेलीफिशसारखा, काचेसारखा पारदर्शक, जेमतेम हातात मावेल एवढा. एकाच जिवात नर-मादी दोन्ही, त्यामुळे जोडीदाराचीही गरज नाही, आणि अंडी दिवसाला हजारोंनी. तो प्राणिप्लवक खातो, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, लहान मासे ज्यावर जगतात तेच. वर माशांची अंडी आणि पिल्लंही खातो. दशकाच्या अखेरीस तो बेसुमार वाढला आणि तिथली अँचोव्ही या लहान माशाची मासेमारी कोसळली. सगळा दोष त्याच्यावर टाकणं बरोबर नाही. अतिमासेमारी चालूच होती आणि नद्यांमधून येणाऱ्या खतांच्या अंशानं समुद्र आधीच आजारी होता. आजारी समुद्रात परका जीव लवकर मूळ धरतो.

मग १९९७मध्ये तिथे बेरोई नावाचा दुसरा परका जीव आला. तो नेमिऑप्सिसलाच खातो. नेमिऑप्सिसची संख्या खाली आली आणि मासे काही प्रमाणात सावरले. तुम्ही म्हणता तसा समतोल इथे आला, असं कुणी म्हणेल. पण त्याला पंधरा वर्षं लागली, आणि तोही दुसऱ्या एका अपघातामुळे. मधल्या काळात ज्यांच्या जाळ्यात पुरेसा मासा आला नाही त्यांनी काय करायचं? शिवाय नेमिऑप्सिस कॅस्पियन समुद्रातही जाऊन पोचला आणि तिथली किल्का माशांची मासेमारी त्यानं पार खाली आणली. निसर्ग कुठला तरी समतोल गाठतोच. पण तो आधीचाच असेल, त्यात आधीचे जीव असतील, याची काहीच हमी नसते.

म्हणून माझं मत ठाम आहे. माणसानं मध्ये पडायला हवं, आणि अगदी सुरुवातीलाच. १९८४मध्ये मोनॅकोतल्या सागरी संग्रहालयाखालच्या पाण्यात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा एक पट्टा दिसला, सुमारे एक चौरस मीटरचा. मत्स्यालयात शोभेसाठी वाढवलेला हा वाण होता. एका माणसाला एका दुपारी उपटता आला असता. कुणी उपटला नाही. पुढे वाद होत राहिले आणि शेवाळ भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरलं. काही ठिकाणी ते नंतर आपोआप ओसरलं, पण उपटून काढायची वेळ केव्हाच गेली होती. तेच शेवाळ २०००मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडलं, तेव्हा तिथल्या लोकांनी १७ दिवसांत काम सुरू केलं. ताडपत्र्या अंथरून, कडा दाबून, आत क्लोरीन सोडलं. २००६मध्ये ते पूर्ण संपल्याचं जाहीर झालं. खर्च काही दशलक्ष डॉलर.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराचं काम मला सगळ्यांत मोठं वाटतं. मार्च १९९९मध्ये तिथल्या मरिनात, म्हणजे खासगी नौका बांधून ठेवायच्या गोदीत, पाण्याखाली उतरलेल्या डायव्हरना काळ्या पट्ट्यांचे शिंपले खच्चून चिकटलेले दिसले, एकेका चौरस मीटरवर हजारोंनी. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत एकही नव्हता. या शिंपल्याची नवी पिढी महिन्याभरात अंडी घालायला तयार होते. नशीब असं, की डार्विनला भरती-ओहोटीचा फरक प्रचंड असल्यानं मरिनांना पाणी अडवणारे दरवाजे होते. ते बंद केले आणि पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडलं. आतलं बाकी जीवनही मेलं, हे खरंच आहे, आणि ते वाचताना मला आजही वाईट वाटतं. त्याआधी बाहेर पडलेल्या नौकासुद्धा एकेक करून शोधून तपासल्या. महिन्याभरात शिंपला संपला. उघड्या समुद्रात हे कधीच जमलं नसतं.

बॅलास्टसाठी आता आंतरराष्ट्रीय करार आहे. तो २००४मध्ये झाला आणि २०१७पासून लागू आहे. ५० मायक्रोमीटर (मिलिमीटरचा विसावा भाग) किंवा त्याहून मोठे जिवंत जीव एका घनमीटर सोडलेल्या पाण्यात दहापेक्षा कमी असायला हवेत. त्यासाठी जहाजांवर गाळण्या आणि अतिनील प्रकाशाची किंवा क्लोरीनची यंत्रं बसवली आहेत. मी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पाणी बघितलंय. प्रक्रिया न झालेल्या थेंबात बार्नेकलची पिल्लं पाय झटकत गोल गोल फिरत असतात. प्रक्रिया नीट झाली असेल तर सगळं निश्चल. पण डार्विनचे शिंपले बॅलास्टमधून नव्हे, बहुधा एखाद्या नौकेच्या बुडाला चिकटून आले होते. बुडाला चिकटणाऱ्या जिवांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर अजून फक्त मार्गदर्शक सूचना आहेत, २०११च्या आणि २०२३मध्ये सुधारलेल्या. बंधन नाही.

डार्विननं वाट बघितली नाही. परदेशातून येणाऱ्या नौकेचं बूड आणि आतले समुद्राच्या पाण्याचे पाइप तिथे आधी तपासतात, आणि मगच तिला मरिनात घेतात.