वर्किंग कॅपिटल (उधारी, साठा आणि देणी यांत फिरणारा रोजचा पैसा) नीट सांभाळलं तर कंपनीचा नफा खरंच वाढतो का?

वाढतो. आणि सांभाळलं नाही तर हातातला नफाही जातो, हे मी साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात बघितलंय. "विक्री वाढली की नफा मागून येतोच ना?" असं तुम्ही विचारलंय, म्हणून लिहायला बसले. माझा मोठा भाऊ हेच म्हणायचा.

पाच ट्रॉब मशीनं (सळीतून सुटे भाग कापणारी), पितळेचे नट आणि इन्सर्ट. दादा पार्ट्या बघायचा, मी हिशेब. 2017 मध्ये त्याने एक मोठी पार्टी आणली. वर्षाला एक कोटीचं काम, उधारी 120 दिवसांची, व्याजाआधी सुटणार आठ लाख. मी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं: 120 दिवस म्हणजे जवळजवळ 33 लाख कायम त्यांच्याकडे अडकलेले. सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज 12 टक्के धरलं तर वर्षाचे चार लाख. अर्धा नफा बँकेचा. 45 दिवसांवर तेच व्याज दीड लाख झालं असतं. दादा म्हणाला, "तू वह्या बघ, धंदा मी बघतो."

120 दिवसांचे 150 झाले. नव्वद दिवसांपुढची येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये (सीसीतून किती उचलता येईल त्या हिशेबात) धरायची नाही, म्हणजे काम वाढत होतं आणि लिमिट आटत होतं. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला जीएसटी भरायचा, पार्टीचे पैसे येवोत न येवोत. सळ्या देणारा व्यापारी सात दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सोडायचा. आम्ही 45 दिवसांवर गेलो आणि ती सूट गेली. 38 दिवसांसाठी दोन टक्के म्हणजे वर्षाला 19 टक्क्यांच्या वर, आणि नफा-तोटा पत्रकात हे व्याज म्हणून कुठे दिसतही नाही. पोटमाळ्यावर त्याच पार्टीच्या मापाचे नट भरलेले अकरा ड्रम. झाकण उघडलं तर वरचा थर काळवंडलेला. दुसरं कोण घेणार ते माप? मार्चमध्ये वहिनीच्या चार बांगड्या गहाण ठेवून पगार केले. मग दोन मशीनं विकली. दादा आजही म्हणतो, मंदी होती.

मंदी नव्हती. त्या वर्षी आमची विक्री सगळ्यात जास्त होती.

2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात लेखी करार असला तरी खरेदीदाराला 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण मोठ्या पार्टीकडे ते मागायला दादा तयार नव्हता. आता आयकराचाही नियम आहे (1961 च्या कायद्यातलं कलम 43बी(एच)). सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. म्हणून उद्यम नोंदणीचा (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर बिलावर छापाच.

आमचं गणित छोट्या कारखान्याचं आहे, हे खरं. चकाल्याच्या हिंदुस्थान युनिलिव्हरसारख्यांचा माल झटपट विकून पैसे येतात आणि पुरवठादारांना नंतर जातात. त्यांचा धंदा बराचसा त्या पैशांवरच फिरतो. आणि उधारी अगदीच बंद केली तर गिऱ्हाईक तुटतं, सळ्या कमी ठेवल्या तर मशीन उभं राहतं. तेही मोजा.

पण आधी येण्यांची यादी तारखेवार काढा आणि विक्री बघणाऱ्या माणसाला शेजारी बसवून वाचा. दादा, तूही वाचत असशील, तर मार्च 2018 ची यादी माझ्या कपाटात आहे. रविवारी ये.