रिअ‍ॅक्टमध्ये यादीतली एक ओळ काढली की आकडा भलत्याच ओळीला का चिकटतो?

तुम्ही रिअ‍ॅक्टमध्ये (वेब पानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) सर्व्हरकडून आलेल्या मालाच्या यादीवर मॅप (प्रत्येक नोंदीवर तेच काम करणारं फंक्शन) फिरवून प्रत्येक नोंदीची ओळ तयार करताय, ते अगदी बरोबर आहे. घोळ आहे तो 'की' मध्ये, म्हणजे ओळ ओळखायला दिलेल्या खुणेत. तिथे तुम्ही इंडेक्स, म्हणजे यादीतला ० पासूनचा क्रमांक, दिलाय.

तुमच्याच यादीत बघा: तांदूळ ०, डाळ १, गूळ २. डाळीपुढच्या इनपुटमध्ये (टाइप करायच्या चौकटीत) ५ टाइप केलं आणि मग तांदूळ काढून टाकला. आता डाळ ० वर सरकली, गूळ १ वर. रिअ‍ॅक्ट ओळ ओळखतं ते 'की' वरून, त्यामुळे त्याच्या लेखी गेली ती २ नंबरची ओळ. ० आणि १ जागच्या जागी आहेत. नाव प्रॉप्समधून (ओळीला बाहेरून दिलेल्या माहितीतून) येतं म्हणून बदलतं, पण टाइप केलेलं ५ त्या जुन्या इनपुटमध्येच राहतं आणि गुळापुढे दिसतं. ग्राहकाची ऑर्डर चुकते ती अशी, म्हणून हे हलक्यात घेऊ नका.

डेटाबेसमधला आयडी 'की' म्हणून द्या. बॅकएंड (सर्व्हरची बाजू) तो पाठवत नसेल तर पाठवायला लावा, त्यासाठी भांडावं लागलं तरी चालेल. रेंडर करताना (पडद्यावर ओळी काढताना) रँडम आकडा मात्र कधीच देऊ नका: दर रेंडरला 'की' बदलते, जुनं इनपुट मोडून नवं तयार होतं, आणि टाइप करताना यादी पुन्हा रेंडर झाली की कर्सर उडतो.

आणि हो, स्टेटची (जिथे ही यादी ठेवता) सुरुवात रिकाम्या यादीने, म्हणजे रिकाम्या ॲरेने करा. सर्व्हरचं उत्तर यायच्या आधीच पहिला रेंडर होतो, तेव्हा अनडिफाइन्डवर (अजून काहीच न भरलेल्या जागेवर) मॅप चालवला तर पान कोसळतं.