युगोस्लाव्हियाचा गोल करणारा सर्वांत मोठा स्ट्रायकर कोण, आणि त्याची कारकीर्द कशी होती?

आकड्यांनी उत्तर द्यायचं तर स्टेपान बोबेक. बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबचा हा खेळाडू देशासाठी ६३ सामन्यांत ३८ गोल करून गेला, १९४८ आणि १९५२च्या ऑलिंपिकची रौप्यपदकं मिळवली, आणि युगोस्लाव्हिया नकाशावरून पुसला गेला तरी त्याचा विक्रम कुणी मोडला नाही. पण मला विचाराल तर मी दुसरंच नाव घेईन: तोडोर वेसेलिनोविच. कारण सरळ आहे. त्याचे गोल २८च, पण सामने फक्त ३७! म्हणजे चार सामन्यांत तीन गोल. ५१ सामन्यांत ३७ गोल करणारा मिलान गालिचसुद्धा या वेगाच्या किंचित मागेच राहतो.

शिवाय वेसेलिनोविचचा आपल्याशी, म्हणजे भारताशी, थेट संबंध आहे. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल करणारे तिघं होते, प्रत्येकी चार गोल. बल्गेरियाचा मिलानोव्ह, वेसेलिनोविच आणि तिसरा नेव्हिल डिसोझा, मुंबईचं मैदान गाजवणारा गोवेकर. नेव्हिलने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिलीच. वेसेलिनोविचने हॅटट्रिक केली अमेरिकेविरुद्ध, ९-१च्या सामन्यात. मग हे दोघं सेमीफायनलला समोरासमोर आले. उत्तरार्धात पहिला गोल नेव्हिलचा! प्रशिक्षक रहीमसाहेबांचा भारत काही मिनिटं युगोस्लाव्हियाच्या पुढे होता. त्यानंतर त्यांच्या पापेचने बरोबरी केली, लगेच वेसेलिनोविचने आघाडी मिळवून दिली, आणि सामना ४-१ असा गेला. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत याच देशाने आपल्याला १०-१ने हरवलं होतं. त्यामुळे तो ४-१ मला पराभव म्हणून कमी आणि अभिमान म्हणून जास्त आठवतो. फायनलमध्ये मात्र युगोस्लाव्हिया सोव्हिएत संघाकडून १-० हरला.

क्लब म्हटलं की वेसेलिनोविचचं घर म्हणजे नोवी सादचा व्होयव्होदिना. बेलग्रेड आणि झाग्रेबच्या बड्या क्लबांपुढे हा प्रांतीय क्लब, तरी तिथून खेळून तो चार वेळा लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला, काही वेळा इतरांबरोबर विभागून. १९५६-५७च्या हंगामात तर २८ गोल, आणि क्लब लीगमध्ये दुसरा. सोबतीला वुयादिन बोश्कोव्ह होता, तोच पुढे प्रशिक्षक म्हणून नावाजला. १९६१मध्ये दोघं इटलीत साम्पदोरियाला गेले. पण तोवर वेसेलिनोविच तिशी ओलांडलेला होता. ऐन भरात तो पश्चिमेकडच्या एखाद्या मोठ्या क्लबात खेळला असता तर आज त्याचं नाव सांगायला एवढं लिहावं लागलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

त्याचा एकच सामना वाचायचा असेल तर १९५८च्या विश्वचषकातला फ्रान्सविरुद्धचा वाचा. फ्रान्सकडे फोंतेन, त्याच स्पर्धेत १३ गोल करणारा. ८५व्या मिनिटाला त्याने २-२ अशी बरोबरी साधली. ८८व्या मिनिटाला वेसेलिनोविचने, स्वतःच्या त्या दिवसाच्या दुसऱ्या गोलने, सामना ३-२ असा खेचून आणला. पॅराग्वेविरुद्धही त्याचा एक गोल होता. पुढे क्वार्टर फायनलला पश्चिम जर्मनीकडून १-० हार.

प्रशिक्षक म्हणूनही तो गाजला. १९८३च्या डिसेंबरमध्ये स्प्लिटला बल्गेरियाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी रादानोविचने हेडरने गोल केला आणि युगोस्लाव्हिया १९८४च्या युरोला पोचला, तेव्हा संघाची सूत्रं त्याच्याकडे होती. युरोत मात्र तिन्ही सामने हरले, डेन्मार्ककडून तर ५-०. तुर्कस्तानात मात्र त्याचं नाव अजून निघतं: १९८८-८९ला त्याच्या फेनरबाचेने लीग जिंकताना एका हंगामात १०३ गोल केले.